अडीच वर्षांचं पोर टॅबवर एकटंच भराभर शिकतंय, मग माणसांत मिसळण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मुलगा अडीच वर्षांचा. आम्ही दोघंही नोकरीवाले, दिवसा त्याला सांभाळायला एक मावशी येतात, प्रेमळ आहेत पण मुळातच कमी बोलणाऱ्या, आणि टॅब त्याच्या हातात बराच वेळ असतो, लपवण्यात अर्थ नाही. त्यावरच तो वीसपर्यंत आकडे शिकलाय, रंग सगळे येतात, प्राण्यांची नावं आवाजासकट पाठ, मुळाक्षरंही बरीचशी ओळखतो. कुणी शिकवायला बसलेलं नाही.

आता घरात वाद असा चाललाय की बायको आणि सासूबाई म्हणतात त्याला प्लेग्रुपला घाला, मुलांत सोडा, नाहीतर एकलकोंडा होईल. मी म्हणतो शिकतोय ना तो, मग घाई कसली? बागेत नेलं तरी दुसऱ्या मुलांशी खेळत नाही, त्यांच्या शेजारी बसून आपली आपली वाळू उपसतो, मध्येच मान वर करून बघतो की परत चालू. घरी पाहुणे आले की माझ्या पायाला चिकटून उभा.

भावनिक उत्तरं नकोत, ती घरी भरपूर मिळतात :) मला खरंच जाणून घ्यायचंय की मुलांचं डोकं तयार व्हायला दुसरी माणसं लागतात म्हणजे नक्की काय होतं? आकडे, अक्षरं, शब्द तर स्क्रीनवरूनही येतायत. मग माणूस समोर असला की असं काय वेगळं घडतं? की ही नुसती "आमच्या वेळी असं होतं" छाप समजूत आहे?

अर्धविराम

प्रश्न आवडला. बालमानसशास्त्र शिकलेय, त्यामुळे जरा मोठं लिहिते.

तुम्ही जे विचारताय त्यावर थेट एक प्रयोगच झालाय. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतली नऊ-दहा महिन्यांची बाळं, घरी फक्त इंग्रजी कानावर पडणारी. त्यांच्याशी मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, बोलणारी माणसं येऊन खेळली, पुस्तकं वाचून दाखवली, साधारण २५ मिनिटांची अशी १२ सत्रं. नंतर तपासलं की मँडरिनमधले दोन जवळजवळ सारखे आवाज या बाळांना वेगवेगळे कळतात का. कळले, आणि तेही तैवानमध्ये मँडरिन ऐकत वाढणाऱ्या बाळांइतकेच. आता गंमत बघा, दुसऱ्या गटाला तीच माणसं आणि तेच साहित्य व्हिडिओवर दाखवलं, आणखी काही बाळांना नुसता आवाज ऐकवला, तर त्यांच्यात शिकल्याची काहीच खूण दिसली नाही. भाषा तीच, मिनिटं तेवढीच.

यावर कुणी म्हणेल की एवढ्या लहान बाळाला स्क्रीन कळतच नसेल. म्हणून २०१४ चा रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांचा प्रयोग जास्त महत्त्वाचा, कारण त्यातली मुलं दोन ते अडीच वर्षांची होती, तुमच्याच मुलाच्या वयाची. त्यांना नवी क्रियापदं शिकवली, काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, आणि काहींना रेकॉर्डिंग दाखवून, जे मुळात दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचं होतं. समोरासमोरवाली शिकली, कॉलवालीही शिकली, रेकॉर्डिंगवाली नाही शिकली. म्हणजे मध्ये काच असणं हा अडथळा नव्हताच! कॉलवरची बाई मूल हसलं की हसते, त्याचं लक्ष उडालं की त्याला हाक मारते, त्याने काही म्हटलं की त्यावर बोलते. रेकॉर्डिंगमधली बाई गोडच बोलत असते पण ती भलत्याच मुलाला उत्तरं देत असते, आणि दोन वर्षांच्या पोराला हे बरोबर कळतं.

त्यामुळे स्क्रीन वाईट आणि माणूस चांगला असं सरसकट मी म्हणणार नाही. मूल काहीतरी करतं, समोरचा त्यालाच धरून लगेच काहीतरी करतो, मग मूल पुन्हा काही करतं, ही जी देवाणघेवाण आहे तिच्यात शिकणं होतं. माणूस समोर बसून फोनमध्ये असेल तर तोही रेकॉर्डिंगच.

आणि एक करून बघा. वीसपर्यंत आकडे येतात म्हणालात ना, त्याला सांगा "मला तीन ठोकळे दे". या वयाची बरीचशी मुलं सरळ मूठभर उचलून देतात, दहापर्यंत धाडधाड म्हणत असली तरी. काळजी करू नका, ते वयाला धरूनच आहे. पण आकड्यांचा क्रम पाठ असणं आणि तीन म्हणजे किती ते समजणं यात चांगलं वर्षभराचंही अंतर असू शकतं, आणि ते अंतर कापायला समोर ठेवलेल्या वस्तू दाखवत "हे बघ, दोन मोजे, एक तुझ्या या पायात, एक त्या पायात" असं कुणीतरी बोलणारं घरी असलं तर मदत होते. पाठांतर टॅबवर होईल, यात शंका नाही.

खडूफळा

वाळूबद्दल लिहिते, कारण मी लहान मुलांच्या वर्गावर बरीच वर्षं आहे आणि हा प्रश्न दर वर्षी नव्या पालकांकडून येतो.

शेजारी बसून आपलं आपलं खेळणं हे एकलकोंडेपण नाहीये हो. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात हा स्वतंत्र प्रकारच आहे, समांतर खेळ. एकट्याने खेळणं, लांबून नुसतं बघणं, शेजारी बसून तसंच काहीतरी खेळणं, मग वस्तू देतघेत खेळणं, आणि शेवटी ठरवून एकत्र खेळणं. ही काही पायऱ्यांची शिडी नाही की एक सुटली की दुसरी, मोठी मुलंही मध्येच एकटी खेळतात आणि मजेत असतात. पण अडीच वर्षांच्या पोराने मान वर करून दुसऱ्याचं बघणं आणि परत आपल्या कामाला लागणं, हेच तर त्या वयातलं मिसळणं. पुढच्या वेळी नीट बघा, दुसऱ्या मुलाने बादली उपडी करून वाळूचा ढीग केला की थोड्या वेळाने तुमचाही उपडी करून बघेल.

आता माझं मत, सहकाऱ्यांना ते आवडत नाही पण सांगते. "मुलांत सोडा म्हणजे शिकेल" हे दोन-अडीच वर्षांना फारसं लागू नाही. दोन वर्षांची दहा मुलं एका खोलीत सोडली तर दहा मुलं रडतात, चावतात आणि एकाच गाडीवरून भांडतात. त्या वयात त्यांना जास्त करून लागतो तो एक मोठा माणूस, जो खाली बसून म्हणेल "त्याला पण गाडी हवीये, तुझं झालं की देऊया का?" बरोबरीच्या मुलांची खरी किंमत वयाच्या चारच्या पुढे कळते.

चार-पाच वर्षांच्या मुलींचा डॉक्टर-डॉक्टर खेळ ऐकलाय का कुणी? निम्मा वेळ खेळ नसतोच, नुसती वाटाघाट असते. "तू डॉक्टर नाही, तू पेशंट." "मी काल पण पेशंट होते!" "बरं मग तू नर्स, पण नर्स इंजेक्शन देते हां." यात काय काय चाललंय बघा. दुसरीच्या मनात काय आहे ते ओळखायचं, आपलं म्हणणं तिला पटेल असं मांडायचं, ठरलेला नियम आठवणीत ठेवायचा, आणि आपल्याला पळावंसं वाटत असलं तरी पेशंट म्हणून पडून राहायचं! हे शेवटचं मोठ्यांनी कितीही "गप्प बस" म्हटलं तरी होत नाही, खेळात आपोआप होतं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणायचे की खेळात मूल स्वतःपेक्षा वीतभर उंच होतं, वर्गात उभं राहून बघितलं की ते पटतं.

मोठी माणसं खेळताना मुलांना जिंकू देतात, सांभाळून घेतात. बरोबरीचं मूल अजिबात सांभाळून घेत नाही. तिथेच ते शिकतं.

उलटतपासणी

सगळं वाचलं. थोडं पाणी ओततो, माफ करा.

पहिलं, मी स्वतः एकुलता एक, लहानपणी बहुतेक वेळ एकटाच, पुस्तकं आणि मोडकी खेळणी उघडून बघणं एवढंच. डोकं बरं चालतंय, निदान ऑफिसवाले तसं म्हणतात. दुसरं, "जे आईबाप मुलांशी जास्त बोलतात त्यांची मुलं हुशार" असले जे अभ्यास फिरत असतात त्यात आईबापांचं शिक्षण, पैसा, मोकळा वेळ, आणि सरळ सरळ आनुवंशिकता हे सगळं मिसळलेलं असतं. बोलकी मुलं असली की आईबापही जास्त बोलतात, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? गरीब घरातल्या मुलांच्या कानावर लहानपणी तीन कोटी शब्द कमी पडतात, तो आकडा तर इतका घासून गुळगुळीत झालाय की कुणी विचारतच नाही तो आला कुठून.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या दादांना उगाच घाबरवू नका एवढंच म्हणणं.

अर्धविराम

उलटतपासणी, घाबरवत कुणीच नाहीये, पण मुद्दा रास्त आहे म्हणून उत्तर देते.

तीन कोटी शब्दांचा आकडा हार्ट आणि रिझली यांचा, १९९५ चं त्यांचं काम. फक्त ४२ कुटुंबं, महिन्यातून एकदा तासभर रेकॉर्डिंग, आणि त्यावरून चार वर्षांपर्यंतचा हिशोब वाढवत नेलेला. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती, त्यांनी मुलाशी थेट बोललेलंच धरलं, आजूबाजूला घरातली इतर माणसं काय बोलतात ते धरलंच नाही. मी स्वतः तो आकडा कधी वापरत नाही.

पण नंतरचं काम शब्द मोजण्यापासून थोडं सरकलंय. २०१८ मध्ये रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं दिवसभर रेकॉर्ड केलं आणि मग गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू कसा काम करतो ते स्कॅनमध्ये बघितलं. कानावर किती शब्द पडले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याच्या किती फेऱ्या झाल्या, याचा मेंदूतल्या ब्रोका नावाच्या, भाषेशी निगडित भागाच्या हालचालीशी संबंध दिसला, आईवडलांचं शिक्षण आणि उत्पन्न हिशोबात घेऊनसुद्धा. हाही शेवटी सहसंबंधच, कारण सिद्ध होत नाही, तुमचं तेवढं मान्य.

कारणच हवं असेल तर प्रयोग लागतो, आणि मुलांना मुद्दाम एकटं ठेवून तर प्रयोग करता येत नाही. पण रोमानियात परिस्थितीनेच ते घडवलेलं होतं. बुखारेस्टच्या अनाथालयांमध्ये खाणंपिणं, कपडे, छप्पर सगळं होतं, पण एकेका बाईकडे इतकी मुलं की कुणाच्या रडण्याला, बघण्याला कुणी प्रतिसाद देणारं नाही. तिथल्या १३६ लहान मुलांमधून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना पालक-कुटुंबांत, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या घरांत, ठेवलं आणि निम्म्यांची नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली. २००७ मध्ये संशोधकांनी बुद्धीच्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. कुटुंबात गेलेली मुलं स्पष्टपणे पुढे होती, आणि जी जितक्या लहान वयात गेली त्यांचा फायदा तेवढा जास्त. तरीही कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांची बरोबरी त्यांना गाठता आली नाही. इथे आनुवंशिकता किंवा आईबापांचं शिक्षण असं काही सांगता येत नाही, कारण निवड योगायोगानेच होती.

हे टोकाचं उदाहरण आहे हे मलाही कळतं, दादांच्या घरी प्रेमळ मावशी आहेत आणि आईबाबा आहेत, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. फक्त "लागतंच का" याचं उत्तर म्हणून सांगितलं.

आणि तुम्ही एकटे नव्हतात हो. पुस्तक वाचायला कुणीतरी शिकवलं असेलच की.

उलटतपासणी

रोमानियाचं माहीत नव्हतं. वाचतो.

शब्दखुणा

मी वाचा-उपचार करते. सगळ्यांचं चालू दे, मला मूळ प्रश्नकर्त्यांना तीन-चार गोष्टी विचारायच्यात, कारण "आकडे अक्षरं सगळं येतं पण" अशी सुरुवात झाली की माझे कान टवकारतात.

नावाने हाक मारली की वळून बघतो का? लांबचं विमान, कुत्रा असं काही दिसलं की बोट दाखवून तुमच्याकडे बघतो का, म्हणजे हवंय म्हणून नाही तर नुसतं दाखवायला? खेळणं आणून तुमच्यासमोर धरतो का? तहान लागली तर तोंडाने काही म्हणतो की हात धरून ओढत नेतो? दोन शब्द जोडून स्वतःचं असं काही बोलतो का, व्हिडिओतलं वाक्य जसंच्या तसं नव्हे?

या वयाला अक्षरं ओळखण्यापेक्षा या गोष्टी मला जास्त सांगून जातात. बोट दाखवणं तर फार मोठी गोष्ट आहे. वर वायगॉट्स्कींचं नाव आलंय, त्यांनी ते फार सुंदर सांगितलंय. बाळ लांबच्या वस्तूकडे हात ताणतं, हात पोचत नाही. आई येते, तिला वाटतं याला ते हवंय, ती देते. बाळाच्या लेखी तो नुसता फसलेला प्रयत्न होता, आईने त्याला अर्थ दिला, आणि असं होता होता बाळ वस्तूकडे हात करायचं सोडून आईसाठी हात करायला लागतं. एकट्या बाळाच्या हातून हे कधीच घडलं नसतं.

वरच्यापैकी बऱ्याच प्रश्नांना उत्तर "नाही" असेल तर प्लेग्रुपच्या वादात वेळ घालवू नका, आधी श्रवण तपासणी आणि मग बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. इथे बसून कुणी निदान करू शकत नाही, मीही नाही.

रात्रपाळी

एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

शब्दखुणा ताई, हाक मारली की बघतो (टॅब चालू नसेल तर, चालू असेल तर मीसुद्धा त्याच्यासाठी भिंत). बोट दाखवतो, खूपच दाखवतो, चंद्र दिसला की अख्खं घर गोळा करतो. पाणी दे, बाबा ये, अजून नको, मावशी गेली असं बोलतो. एकदा तर "बाबा झोपला, शूऽऽ" असं मावशींना सांगत होता. म्हणजे हे ठीक ना?

ठोकळ्यांचं करून बघितलं अर्धविराम ताई. तीन माग म्हणालात, त्याने पाच दिले आणि वर टाळ्या वाजवल्या. "एक दे" म्हटलं की मात्र एकच देतो.

आता पुढची शंका. मी शिफ्टमुळे कधी कधी सकाळी मोकळा असतो तेव्हा त्याच्याबरोबर बसतो, पझल लावायला शिकवतो. हा तुकडा इथे, तो तिथे, असं सगळं नीट दाखवतो. पाच मिनिटांत उठून पळतो. एकटा असला की मात्र त्याच पझलशी अर्धा तास झटापट करतो आणि स्वतःशीच बडबडतो, "नाही इकडे नाही... फिरव... नाही बसत". म्हणजे माझ्याशी देवाणघेवाण झाली तर शिकायला हवं ना, इथे उलटंच चाललंय.

शब्दखुणा

तुम्ही सांगताय ते ऐकून बरं वाटलं, चंद्रासाठी घर गोळा करणारा मुलगा आहे म्हणजे लोकांत रस आहे त्याला. तरी पुढच्या नेहमीच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि टॅबचं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास असं सुचवलंय, कमी असेल तर अजून चांगलं.

अर्धविराम

पझलबद्दल. तुम्ही शिकवताय असं वाटतंय पण पझल तर तुम्हीच लावताय, तो बघणार काय आणि किती वेळ :)

१९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी ३, ४ आणि ५ वर्षांच्या मुलांना लाकडाच्या २१ तुकड्यांचा पिरॅमिड जोडायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती नक्की काय काय करते ते टिपलं. इमारत बांधताना परांची लावतात तशा आधाराची कल्पना तिथून रुजली, काम उभं राहत जाईल तशी काढून घ्यायची. पुढे १९७८ च्या अभ्यासात वुड आणि सहकाऱ्यांनी शिकवण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा लावून बघितल्या. कुणी नुसतं तोंडी सांगायचं, कुणी सगळं करून दाखवायचं, आणि एक तऱ्हा अशी की मुलाला जमलं नाही की मदत थोडी वाढवायची आणि जमलं की पुढच्या वेळी थोडी कमी करायची. या शेवटच्या तऱ्हेने शिकलेल्या मुलांना नंतर एकट्याने पिरॅमिड सगळ्यात चांगला जमला.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की आधी गप्प बसा. तो "नाही बसत" म्हणेपर्यंत थांबा. मग म्हणा "फिरवून बघितलास का?" त्यानेही नाही झालं तर "हा कोपरा बघ बरं". तरीही नाही तर तुकडा अर्धवट जागेवर ठेवा आणि शेवटचा धक्का त्याला मारू दे. पुढचा तुकडा पुन्हा गप्प.

जास्त दाखवण्याचा एक तोटा आणखी आहे. बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एका खेळण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात चार वेगवेगळ्या गमती लपवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने "हे असं चालतं बघ" म्हणून एकच गंमत दाखवली, काहींच्या समोर तीच गंमत चुकून झाल्यासारखी केली. ज्यांना मुद्दाम शिकवलं त्यांनी बाकीचं खेळणं फारसं चाचपलंच नाही. मुलं हुशार असतात, त्यांना वाटतं एवढं जाणकार माणूस शिकवतंय म्हणजे एवढंच असणार यात.

आणि ती स्वतःशी बडबड! ती तुमच्याकडूनच आलीये. यावर स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि वायगॉट्स्की यांचा जुना मतभेद आहे, दोघंही १८९६ चेच जन्मलेले. पियाजे म्हणायचे की मुलाला अजून दुसऱ्याचा दृष्टिकोन घेता येत नाही म्हणून ते असं आपल्यापुरतं बोलतं आणि पुढे हे बोलणं गळून जातं. वायगॉट्स्कींनी म्हटलं गळून जात नाही, आत जातं, आपण ज्याला मनातल्या मनात विचार करणं म्हणतो ते होतं. त्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी घातल्या तर ही बडबड वाढली, म्हणजे मूल तिचा वापर करत होतं. तुम्ही त्याला कधीतरी "फिरव, इकडे नाही" म्हणालात, आता तो स्वतःला म्हणतोय. मग एकट्याने पझल लावताना तो खरंच एकटा आहे का, तुम्हीच ठरवा.

उंबरठा

सहसा इथे नुसती वाचते, आज लिहिते. माझी मुलगी जन्मापासून ऐकू शकत नाही. आम्ही ऐकणारे आईबाबा, त्यामुळे सुरुवातीला तिच्याशी बोलायचं म्हणजे "ये", "जा", "खा", "नको" एवढ्याच खुणा होत्या. एका शिक्षिकेने आम्हाला सांगितलं की हिच्याशी मनातल्या गोष्टी बोला, नुसत्या वस्तूंच्या नको, आणि त्यासाठी तुम्हाला सांकेतिक भाषा नीट शिकावी लागेल. तेव्हा कारण कळलं नव्हतं, नंतर वाचलं.

मुलांची एक चाचणी असते. एक बाहुली चेंडू टोपलीत ठेवून बाहेर जाते, दुसरी तो काढून खोक्यात ठेवते, पहिली परत आल्यावर चेंडू कुठे शोधेल? साधारण चार वर्षांची मुलं "टोपलीत" सांगतात, त्याआधी बहुतेक "खोक्यात" म्हणतात, कारण आपल्याला माहीत आहे ते तिलाही माहीत असणार असं त्यांना वाटतं. आता ऐकू न येणाऱ्या मुलांचं बघा. ज्यांचे आईबाबाही बहिरे आहेत आणि घरी पहिल्यापासून सांकेतिक भाषा आहे, त्यांना हे नेहमीच्याच वयात जमतं. आमच्यासारख्या ऐकणाऱ्या घरात वाढलेल्या मुलांना मात्र पुष्कळदा काही वर्षं उशीर होतो. दोष कानाचा असता तर दोघांनाही उशीर झाला असता ना! कमी पडतं ते "तिला वाटलं", "त्याला माहीत नव्हतं", "मला आठवलं" असलं बोलणं.

निकाराग्वाचं तर याहून अचाट आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली, तोवर ही मुलं आपापल्या घरी एकेकटी होती, घरगुती खुणांवर भागवत. एकत्र आल्यावर मुलांनी आपसात एक नवी सांकेतिक भाषाच तयार केली, कुणी शिकवली नव्हती, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी ती आणखी घोटीव केली. पुढे संशोधकांनी बघितलं तर पहिल्या तुकडीतल्या, आता मोठ्या झालेल्या लोकांकडे "वाटणं", "माहीत असणं" यांच्या खुणा कमी होत्या आणि ती टोपली-खोक्यासारखी कोडी त्यांना नीट सुटत नव्हती, धाकट्यांना सुटत होती. त्या थोरल्यांनी पुढच्या दोनेक वर्षांत त्या खुणा उचलल्या आणि त्यांनाही कोडी जमायला लागली. मोठेपणी सुद्धा!

तर दादा, बागेत किती मुलं आहेत हे मोजू नका, पण "त्या मुलाला का रडू आलं असेल रे?" असं त्याला विचारत जा. उत्तर नाही आलं तरी विचारा.

उलटतपासणी

उंबरठा, ही पोस्ट वाचून गप्प बसलो थोडा वेळ. धन्यवाद.

माझा एक हट्ट मात्र अजून सोडत नाही. लाजाळू मूल आणि न मिसळणारं मूल यात लोक घोळ घालतात. पाहुणे आल्यावर पायाला चिकटणं हा स्वभाव आहे, त्याला "जा, नमस्कार कर, कविता म्हणून दाखव" म्हणून पुढे ढकलणं मला लहानपणापासून असह्य.

खडूफळा

यात माझी पूर्ण साथ. वर्गात एकच मित्र असलेली मुलं असतात, आणि त्या एकाशी त्यांचं जे चालतं ते बघितलं तर बाकीच्या सगळ्या गर्दीपेक्षा जास्त असतं. कविता म्हणून दाखवण्यात देवाणघेवाण कसली आली, तेही रेकॉर्डिंगच की.

रात्रपाळी

टाळ्यांसकट सगळं मान्य. दोन व्यावहारिक प्रश्न आणि मग थांबतो. मावशी कमी बोलतात त्यांना कसं सांगू, त्यांचा अपमान न करता? आणि प्लेग्रुप घातलाच तर बघायचं काय?

शब्दखुणा

मावशींना "जास्त बोला" असं सांगू नका, कमी बोलणाऱ्या माणसाला त्याने अजूनच अवघडल्यासारखं होतं. त्या जे काम करतात त्यात त्याला घेऊ दे. कपडे घडी घालताना "हा कुणाचा?" एवढं विचारलं आणि तो "बाबाचा" म्हणाल्यावर "हो, बाबाचा निळा शर्ट" एवढं म्हटलं की पुरे. कमी शब्दांत होतं. आणि त्याने काही म्हटलं की फोन बाजूला. हे दोघांसाठीही, तुमच्यासाठीसुद्धा, कारण २०१७ मध्ये एक प्रयोग आला होता, आया दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवत होत्या, एक शब्द शिकवताना मध्येच फोन वाजवला. दोन्ही शब्द सारख्याच वेळा कानावर पडले तरी फोन आलेला शब्द मुलं शिकली नाहीत.

खडूफळा

प्लेग्रुपला गेलात की भिंतीवरचे तक्ते बघू नका आणि "इथे महिनाभरात काय शिकवता" हेही विचारू नका. तासभर बसू देतात का ते विचारा. मोठी माणसं जमिनीवर बसलेली असतात की उभी, एकेकाच्या वाट्याला किती मुलं येतात, मूल काही म्हणालं तर त्यालाच उत्तर मिळतं की सगळ्यांना मिळून "शाब्बास, आता पुढचं" होतं. दोन मुलं भांडली तर लगेच वेगळी करतात की दोघांचं ऐकून घेतात. आणि टीव्ही लावलेला असेल तर तिथूनच घरी या.

अडीचला नाही घातलं तरी काही बुडत नाही. तीन-साडेतीनला घाला, तोपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा त्याच बागेत, त्याच वेळेला न्या, म्हणजे तीच ती मुलं भेटतील. रोज नव्या मुलांपेक्षा ओळखीचं एक पोर बरं.

रात्रपाळी

बागेचं जमेल. त्या बादलीवाल्या मुलाची आई ओळखीची झालीये, उद्या वेळ विचारून घेतो. बायकोला हा धागा पाठवलाय, ती म्हणते सासूबाईंना फक्त तीन-साडेतीनवालं वाक्य दाखवू नकोस.